पेटीवरचे ठिपके

फाल्गुनाचे दिवस होते. मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला, पिंपळगाव बसवंतच्या जवळ, तात्यांनी द्राक्षांचे दुकान मांडले होते. दुकान कसले? चार बांबू, वर हिरवे कापड, खाली दोन-दोन किलोच्या पेट्या. बाग घरचीच. निवडक माल व्यापाऱ्याने नेला होता. राहिलेले घड तात्या रस्त्यावर विकत. रविवार होता, म्हणून नातही शेजारी बसली होती.

एक मोटार थांबली. शहरातले पाहुणे उतरले. त्यांनी द्राक्ष चाखले नाही, भावही विचारला नाही. खिशातून मोबाईल काढला आणि पेटीवरच्या एका कागदावर धरला. क्षणभर फोनमध्ये पाहिले. मग म्हणाले, "काका, कालच तोडली ना? द्या दोन पेट्या."

तात्या चकित झाले. काल तोडली हे खरे. पण यांना कोणी सांगितले?

तात्या दोन वर्षांपासून रात्रीच्या वर्गाला जातात. एसटीची पाटी वाचतात. सातबाऱ्यावरचे आपले नाव वाचतात. त्यांनी पेटी उचलून डोळ्यांजवळ नेली. कागदावर काळे-पांढरे चौकोनी ठिपके होते. दाट, गिचमिड. रांगोळी म्हणावी तर रांगोळी नाही. अक्षर म्हणावे तर अक्षर नाही.

"पोरी, हे मला का गं वाचता येईना?"

"तात्या, ते माणसानं वाचायचंच नाही. मलाही येत नाही. ते फोननं वाचायचं."

"मग त्यात आपली तारीख लिहिलीय का?"

"नाही. त्यात फक्त पत्ता आहे. पाकिटावर असतो तसा. फोन त्या पत्त्यावर जातो. तिथं आपलं पान आहे. तारीख त्या पानावर आहे. मीच काल रात्री लिहिली."

नातीने एका वाक्यात सगळे सांगितले. आपण मात्र जरा सावकाश जाऊ. कारण हे ठिपके आता सगळीकडे आले आहेत. किराणा दुकानात आहेत, चहाच्या टपरीवर आहेत, औषधाच्या पाकिटावर आहेत. नाशिकला गंगेवरच्या बुधवारच्या बाजारातही भाजीच्या पाटीशेजारी दिसतात. लोक त्यांना 'स्कॅनर' म्हणतात. खरे तर स्कॅनर म्हणजे वाचणारे यंत्र. ठिपक्यांच्या चित्राचे नाव क्यूआर कोड. पण बाजारात 'स्कॅनर आहे का?' असेच विचारतात. आपणही त्यावर अडून बसायला नको.

आधी रेघा आल्या, ठिपके मागून आले.

साबणाचे वेष्टण पाहा. बिस्किटाचा पुडा पाहा. मागे उभ्या काळ्या रेघा असतात. काही जाड, काही बारीक. त्यांना बारकोड म्हणतात. ही युक्ती अमेरिकेतल्या नॉर्मन जोसेफ वुडलँड या तरुणाला सुचली. त्याला तारेची लिपी येत होती. पूर्वी तार यायची ती आठवते ना? कट्ट, कडकट्ट. एक ठिपका, एक रेघ. समुद्रकाठी बसून त्याने वाळूत असेच ठिपके आणि रेघा काढल्या. मग बोटे खाली ओढली. ठिपक्याची झाली बारीक पट्टी, रेघेची झाली जाड पट्टी. बर्नार्ड सिल्व्हर या मित्राबरोबर त्याने ही कल्पना सरकारदरबारी नोंदवली. 1952 साली दोघांना हक्काचा कागद मिळाला.

कल्पना नोंदली खरी, पण ती बरीच वर्षे तशीच पडून राहिली. रेघा झटपट वाचणारे स्वस्त यंत्रच नव्हते. अखेर 26 जून 1974 रोजी अमेरिकेतल्या ट्रॉय नावाच्या गावी एका दुकानात पहिली वस्तू रेघा वाचून विकली गेली. कोणती वस्तू? चघळायच्या गोळ्यांचा पुडा!

रेघांखाली आकडे असतात. पुष्कळदा ते 890 ने सुरू होतात. म्हणून काही लोक सांगतात, 890 म्हणजे माल भारतात तयार झाला. तसे नाही. तो क्रमांक भारतातल्या संस्थेकडून घेतला आहे, एवढेच त्यावरून कळते. माल कोठे झाला ते वेष्टणावर अक्षरांत छापलेले असते. ते तुम्हाला आता वाचता येते.

रेघांची एक अडचण होती. त्यांत फार थोडे मावते. जपानमध्ये मोटारीचे सुटे भाग करणारी डेन्सो नावाची कंपनी आहे. तिथे एकेका खोक्यावर अनेक पट्ट्या लावाव्या लागत. त्या एकेक करून वाचता वाचता कामगार कंटाळून जात. त्या कंपनीतल्या मासाहिरो हारा यांनी 1994 साली ठिपक्यांचा कोड काढला. रेघ फक्त आडवी वाचता येते. ठिपके आडवेही वाचता येतात आणि उभेही. त्यामुळे तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त मावते. मोठ्यात मोठ्या कोडात सात हजार आकडे बसतात.

कोडाकडे नीट पाहा. तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन दिसतील. चौथा कोपरा मोकळा. या तीन खुणांवरून फोनला कळते की चित्र सरळ आहे की उलटे. म्हणून पेटी कशीही धरा, फोन वाचतो. थोडा चिखल लागला, कोपरा थोडा फाटला, तरी वाचतो. कारण तीच माहिती भरून काढायची सोय ठिपक्यांत आधीच केलेली असते. त्या कंपनीने आणखी एक मोठे काम केले. कोणीही कोड वापरावा, पैसे मागणार नाही, असे जाहीर केले. नाहीतर आपल्या बुधवारच्या बाजारात तो आला नसता.

आता आपल्या द्राक्षांकडे येऊ.

निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतली द्राक्षे युरोपात जातात. तिकडचे दुकानदार फार चौकस. द्राक्षात औषधाचा अंश किती राहिला आहे, ते तपासतात. प्रमाणाबाहेर निघाला तर माल परत, नाहीतर नष्ट. म्हणून 2006 साली केंद्र सरकारच्या अपेडा या संस्थेने ग्रेपनेट नावाची संगणकावरची नोंदवही सुरू केली. ती कशी चालते?

परदेशी माल पाठवायचा तर बागाईतदार आपली बाग कृषी खात्याकडे नोंदवतो. नोंद माणसाची नव्हे, बागेची. दोन तुकडे असतील तर दोन क्रमांक. मग फवारणीची वही ठेवावी लागते. कोणते औषध, किती, कोणत्या तारखेला. तोडणीच्या आधी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन घड नेतो. तपासणी होते. निकाल त्याच नोंदवहीत चढतो. निकाल वाईट आला तर त्या बागेचा माल थांबतो. चांगला आला तर घड पॅकहाऊसमध्ये जातात. तिथे वजन, प्रतवारी, गारवा. पेटीवर लेबल लागते. लेबलावर क्रमांक असतो, कोड असतो. मग माल न्हावा-शेव्याच्या बंदरातून बोटीवर चढतो.

आता समजा, हॉलंडमध्ये एका पेटीत दोष निघाला. पूर्वी काय झाले असते? 'नाशिकची द्राक्षे वाईट' असा बोभाटा झाला असता. आता लेबलावरून मागे मागे येता येते. कोणती बोट, कोणते पॅकहाऊस, कोणत्या गावातली कोणती बाग. एकाची चूक साऱ्या तालुक्याच्या माथी बसत नाही. माझ्या मते या व्यवस्थेचा खरा फायदा हाच. पुढे डाळिंबासाठी आणि आंब्यासाठीही अशाच नोंदवह्या झाल्या.

पण मंडळी, 2010 साल विसरून चालणार नाही. त्या वर्षी नोंदवही होती, क्रमांक होते, तपासणीही झाली होती. तरी आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. का? क्लोरमेक्वाट क्लोराईड नावाचे एक संजीवक असते. बागाईतदार त्याला सीसीसी म्हणतात. वेलीची नुसती वाढ रोखून घड जास्त धरावेत म्हणून ते वापरत. आपल्याकडे तपासायच्या औषधांची जी यादी होती, तिच्यात हे नावच नव्हते. तिकडे त्यांनी तपासले आणि ते सापडले. बागाईतदारांचे आणि व्यापाऱ्यांचे फार मोठे नुकसान झाले. त्यानंतर ते नाव यादीत आले.

यात कोडाचा काय दोष? काहीच नाही. जे तपासले नाही, जे लिहिले नाही, ते कोड कोठून सांगणार? कोड हा बोट दाखवणारा माणूस आहे. तो म्हणतो, 'ते बघा, तिकडे लिहिले आहे.' तिथे खरे लिहिले आहे की खोटे, ते त्याला ठाऊक नसते.

कोकणातल्या देवगडच्या लोकांनी यावर चांगला विचार केला. देवगड हापूसच्या नावाने भलतेच आंबे विकले जात. नुसता कोड छापून भागत नाही. कोड कोणीही पाहून छापतो. म्हणून तिथल्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामात एकेका आंब्यावर लावायची चिकटपट्टी आणली. प्रत्येक पट्टीवर वेगळा क्रमांक. एकदा काढली की पुन्हा लावता येत नाही. गिऱ्हाईक फोनवरून क्रमांक पडताळून पाहते. पट्ट्या देतानाही बागायतदाराची झाडे किती ते पाहतात. शंभर झाडे असलेल्याला हजार झाडांच्या पट्ट्या मिळत नाहीत. मला हे शेवटचे कलम सगळ्यांत आवडले.

तात्यांच्या पेटीला एवढा खटाटोप नको. त्यांचा माल परदेशी जात नाही. मग त्यांच्या नातीने काय केले?

तिच्या फोनवर व्हॉट्सॲप होतेच. त्यात धंद्यासाठी वेगळे व्हॉट्सॲप मिळते. त्याला पैसे पडत नाहीत. त्यात तिने दुकानाचे नाव लिहिले, गावाचे नाव लिहिले, द्राक्षांचे फोटो घातले. जात लिहिली, भाव लिहिला. मग त्याच व्हॉट्सॲपने तिला कोड दिला. तो तिने तालुक्याच्या गावी जाऊन छापून आणला. गिऱ्हाईक फोन धरते आणि तात्यांच्या दुकानाचे पान उघडते. तिथूनच ते पुढच्या आठवड्याची मागणी लिहून पाठवते. पूर्वी रस्त्यावरचे गिऱ्हाईक गेले की गेले. आता त्याच्या फोनमध्ये तात्यांचा नंबर राहतो. ठाण्याच्या एका बाईंनी तर इमारतीतल्या सगळ्यांसाठी पेट्या मागवल्या.

पहिल्या छपाईत मात्र चूक झाली. कोड नखाएवढा छापला आणि तो नेमका पेटीच्या घडीवर आला. फोन धरून धरून लोक कंटाळले. शंभर लेबले वाया गेली. तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. कोड निदान दोन सेंटिमीटर रुंद हवा, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढा. ठिपके गडद आणि पाठ फिकी असावी. चारी बाजूंनी थोडी पांढरी जागा सोडावी. चकचकीत कागद नको, उन्हात तो चमकतो. आणि हजार छापण्याआधी एक छापून तीन वेगवेगळ्या फोनांवर वाचून पाहावा.

आणखी एक. छापलेला कोड बदलत नाही. ज्या नंबरचा कोड आहे तो नंबर बंद केला, तर घरातली सगळी लेबले चुलीत घालावी लागतील. म्हणून टिकणारा नंबरच द्यावा. आधार क्रमांक, बँकेचे खाते असले काही त्या पानावर लिहू नये. जग ते पान वाचते. आणि कोडाखाली मोठ्या अक्षरांत गावाचे नाव आणि भाव लिहावाच. साधा फोन असलेला माणूसही गिऱ्हाईकच असतो.

आता पैशांचा स्कॅनर. तो वेगळा. द्राक्षांचा कोड माहिती देतो, हा कोड पैसे नेतो. फोनवरून खात्यातून खात्यात पैसे पाठवायची ही सोय देशात 2016 पासून आहे. तिला यूपीआय म्हणतात. तात्यांच्या बांबूला असा एक कागद टांगलेला असतो. पैसे तात्यांच्या मुलाच्या खात्यात जातात.

तात्यांची एक सवय आहे. गिऱ्हाईकाने कोडावर फोन धरला की ते म्हणतात, "भाऊ, नाव कोणतं आलं ते दाखवा बरं." फोनवर नाव बहुधा इंग्रजीत येते. तात्यांना इंग्रजी येत नाही. पण मुलाचे नाव इंग्रजीत कसे दिसते ते नातीने पाटीवर लिहून दिले होते. तात्यांनी ते पन्नास वेळा गिरवले. पहिले अक्षर नागासारखे वळलेले. ते एस.

एका सकाळी तात्या जरा उशिरा दुकानावर आले. तोवर सून बसली होती. दोन गिऱ्हाईके होऊन गेली होती. तिसऱ्याने फोन धरला. तात्यांनी नाव पाहिले. पहिले अक्षर नाग नव्हते. दोन उभे खांब आणि मधे आडवी काठी.

"थांबा भाऊ! पिन टाकू नका. हा आमचा पोरगा नाही."

गिऱ्हाईक थबकले. तात्यांनी कागदावर नख घातले. वरचा कागद सुटून आला. खाली त्यांचा स्वतःचा कागद होता. रात्री कागद बांबूवरच राहिला होता. कोणीतरी येऊन त्यावर आपला चिकटवून गेले होते. आधीच्या दोघांचे दोनशे चाळीस रुपये भलत्याच्या खात्यात गेले. मुलाने 1930 या सरकारी नंबरवर तक्रार नोंदवली, बँकेलाही कळवले. तेव्हापासून कागद रोज संध्याकाळी घरी येतो, तराजूबरोबर.

सुनेला फार वाईट वाटले. तात्या म्हणाले, "तुझी चूक नाही. तुला ते अक्षर मी दाखवायला पाहिजे होतं." त्या रात्री पाटी सुनेपुढे आली.

फसवणुकीचा दुसरा प्रकार फोनवरून होतो. एक जण फोन करतो. म्हणतो, "तुमच्या पन्नास पेट्या घेतो. आगाऊ पैसे पाठवतो. मी कोड पाठवलाय, तो स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील." असा फोन नातीला आला होता. तिने विचारले, "दादा, पैसे घ्यायला पिन कशाला?" पलीकडून फोन बंद झाला. पिन म्हणजे तिजोरीची किल्ली. पैसे बाहेर काढायलाच ती लागते. पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही आणि कोणाचा कोड स्कॅनही करावा लागत नाही. कोणी आपल्या फोनवर 'पैसे गेले' असे चित्र दाखवले, तरी त्यावर माल देऊ नये. आपल्या फोनवर संदेश आला किंवा दुकानातली बोलणारी पेटी बोलली, तरच पैसे आले.

हंगामाच्या शेवटी एकदा अवकाळी पाऊस झाला. दोन दिवस रस्त्यावर कोणी थांबेना. वीस पेट्या पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी ऊन पडले. मोटारी थांबू लागल्या. मुलगा म्हणाला, "तात्या, द्राक्षं अजून चांगली दिसतात. पानावर आजची तारीख टाकू. कोण बघायला आलंय बागेत?"

नात फोन हातात घेऊन बसली होती. तिने आधी बापाकडे पाहिले, मग आजोबांकडे.

तात्यांनी पेटी उघडली. एक घड उचलला, देठ पाहिला. देठ सुकू लागला होता.

"तीन दिवसांपूर्वीची आहेत, तर तीच तारीख लिही, पोरी," ते म्हणाले. "आणि भाव वीस रुपयांनी उतरव. लिहून झालं की मला दाखव. मी वाचून बघतो."